पदापुढचं ‘लेडी’ खोडून बघा: नोकरीतल्या भेदभावाची तक्रार कशी उभी करायची

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत सत्तरच्या दशकात दोन प्रकारचे स्टेनोग्राफर होते. एक नुसते स्टेनोग्राफर. ते पुरुष. दुसऱ्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. त्या बायका, आणि बड्या साहेबांच्या हाताखाली बसणाऱ्या. पदाचं नाव दुसऱ्यांचं भारदस्त, पगार पहिल्यांचा जास्त. ऑड्री डिकोस्टा या दुसऱ्या गटातल्या. जून १९७७ मध्ये त्यांना नोकरीवरून कमी केलं गेलं आणि त्यानंतर त्यांनी तेव्हाच्या समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. मागणी होती ७,१९६ रुपये ६७ पैशांची. २६ ऑक्टोबर १९७५ ते ३१ मे १९७७ एवढ्या काळातला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांतला फरक.

पहिल्या अधिकाऱ्यापुढे त्या हरल्या. अपिलात जिंकल्या. कंपनी हायकोर्टात गेली आणि हरली, सुप्रीम कोर्टात गेली आणि २६ मार्च १९८७ रोजी तिथेही हरली.

मी कामगार संघटनेच्या कचेरीत बसते. एखादी बाई पहिल्यांदा येऊन “ताई, आमच्याकडे बायकांवर अन्याय होतो” म्हणते, तेव्हा मी तिला चहा देते आणि हा आकडा पैशांसकट सांगते. त्या ६७ पैशांसाठी. अन्याय होतोय हे डिकोस्टाबाईंनाही वाटत असणारच, पण त्यांनी मागितला तो फरक, या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचा. मोठ्या कंपनीला ‘अन्याय’ या शब्दाला उत्तर देणं सोपं असतं. तिच्याकडे त्यासाठी छापील धोरण असतं, वार्षिक अहवालात हसणाऱ्या मुलींचा फोटो असतो. ६७ पैशांना उत्तर द्यायला मात्र तिला आपलं पगारपत्रक उघडावं लागतं.

हा लेख नव्याने या वाटेवर येणाऱ्यांसाठी आहे. कारखान्यातल्या, ऑफिसातल्या, कायम असलेल्या आणि ठेकेदाराकडून आलेल्याही.

१. आधी ठरवा, तक्रार नेमकी कशाची

दार चुकलं की सहा महिने जातात. म्हणून सुरुवातीलाच वेगळं करा.

पगार कमी, ग्रेड खालची, बढती अडलेली, भरतीतच नकार, ओव्हरटाईम किंवा रात्रपाळी नाही म्हणून भत्ता नाही, हा सगळा समान वेतनाचा आणि नोकरीच्या अटींचा विषय. १९७६ चा समान वेतन कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि तो कायदा वेतन संहितेत गेला. तिच्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी आहेत. एकाच मालकाकडे सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून कमी-जास्त पगार नाही, आणि भरती करताना व नोकरीच्या अटी ठरवताना भेदभाव नाही. स्त्रियांना कमी मिळतं म्हणून पुरुषांचा पगार खाली आणून बरोबरी साधता येत नाही, हेही त्यात आहे. (असं कोणी करेल का, असं वाटेल. बोलून दाखवणारे मी पाहिले आहेत.)

बाळंतपणाची रजा नाकारली, रजेच्या काळात काढून टाकलं, तर ते सामाजिक सुरक्षा संहितेतलं मातृत्व लाभाचं प्रकरण. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं असेल तर २६ आठवडे पगारी रजा, दोन मुलं असताना तिसऱ्या वेळी १२. ‘आम्ही रोजंदारीवर’ म्हणून कुणी हात झटकले तर २००० सालचा दिल्ली महापालिकेचा निकाल दाखवा. मस्टरवरच्या बायका रस्त्याच्या कामावर होत्या, आणि हा लाभ त्यांनाही आहे असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

शरीराशी, लगटीशी, लैंगिक बोलण्याशी संबंधित असेल, किंवा बढतीच्या बदल्यात काही सुचवलं गेलं असेल, तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. इथे मुदत फार कमी आहे, घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बाकी सगळं वाचायचं ठेवून आधी हा अर्ज द्या.

रात्रपाळीबद्दल एक. “कायदाच बायकांना रात्री ठेवू देत नाही” हे जुनं उत्तर आता चालत नाही. कामाच्या सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या नव्या संहितेनुसार स्त्रीला सगळ्या प्रकारच्या आस्थापनांत काम करता येतं, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत तिची संमती असेल तर आणि सुरक्षेची व्यवस्था करून. म्हणजे जबरदस्ती नाही आणि सरसकट बंदीही नाही. भत्ता तिथेच अडकलेला असतो, म्हणून लक्षात ठेवा.

२. वही

दोनशे पानी, शिवलेली. सुटी पानं नकोत. मधलं पान फाडलं की नाही यावरून उलटतपासणीत वेळ जातो. रोज लिहायला वेळ नसतो, मान्य. पण ज्या दिवशी काही घडलं त्या दिवशी लिहा: तारीख, पाळी, कोण बोललं, काय शब्द होते, कोण हजर होतं. “सुपरवायझर वाईट बोलले” असं लिहू नका. “तुला कशाला बढती, तुझं लग्न ठरतंय ना, असं म्हणाले. दोन क्रमांकाच्या लाईनवर, साडेअकराच्या चहाच्या वेळी” असं लिहा.

सोबत जमवायचे कागद: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, इन्क्रीमेंटची पत्रं, पाळीचं वेळापत्रक, नोटीसबोर्डावरची भरतीची किंवा बढतीची सूचना. नेमणूकपत्र प्रत्येकीला मिळालंच पाहिजे, आणि पगाराची स्लिपही. मिळत नसेल तर मागणीचं पत्र द्या, ते पत्रसुद्धा पुरावा होतं.

भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक बहुतेकींना आठवत नाही. यूएएन नंबरने (निधीच्या खात्याचा तुमचा कायमचा क्रमांक) ऑनलाइन उघडतं, आणि त्यात दर महिन्याला कोणत्या पगारावर निधी कापला ते दिसतं. मालकाने स्लिपा दिल्या नाहीत, रोख दिले, तरी हा माग राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा होतात, पण स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेसेज मूळ फोनमध्ये ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि फोन विकून टाकला असेल तर ते देताना पंचाईत होते.

आणि हे करू नका: एचआरच्या कपाटातली फाईल, दुसऱ्याच्या संगणकावरचं पगारपत्रक, साहेबांच्या मेलची चोरून घेतलेली प्रत. कंपनी मूळ मुद्दा सोडून चोरीचाच मुद्दा धरते, मग तुमच्या चार्जशीटला उत्तर देत बसावं लागतं. सहकाऱ्याने स्वतःची स्लिप स्वतःहून दाखवली तर ती गोष्ट वेगळी.

३. कामाचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

कायद्यातला शब्दप्रयोग आहे ‘सारखं काम किंवा सारख्या स्वरूपाचं काम’. तुळस आणि तुळशीचं रोप इतकं तंतोतंत सारखं असावं लागत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी हे सारखं आणि परिस्थिती सारखी असेल, आणि जो फरक आहे त्याला व्यवहारात महत्त्व नसेल, तर ते सारखं काम. मॅकिनन मॅकेन्झीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच बघितलं. नेहमी प्रत्यक्षात कोणतं काम केलं जातं ते बघा, कागदोपत्री कधीतरी कोणतं काम सांगता येईल ते नव्हे. कंपनीचं म्हणणं असं होतं की लेडी स्टेनोग्राफर ही जातच वेगळी, त्यांच्यात पुरुष नाहीत, मग तुलना कुणाशी? कोर्टाने ते मानलं नाही. सगळ्या बायकांचा एक वेगळा गट पाडायचा आणि मग त्या गटात पुरुष नाहीत म्हणून तुलना होत नाही म्हणायचं, हे चालणार नाही. परवडत नाही हेही कारण चालणार नाही. कायदा लागू होणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही.

आता आमच्याकडचं एक उदाहरण. कारखान्याचं नाव घेत नाही. पॅकिंगची लाईन, बायका ‘हेल्पर’, पुरुष ‘ऑपरेटर’. मशीन तेच, वेगही तोच. महिन्याला साधारण २,३०० रुपयांचा फरक. व्यवस्थापनाचं उत्तर तयार होतं: “ऑपरेटरला पंचवीस किलोच्या गोणी उचलाव्या लागतात.”

बायकांना ते पटलंही होतं. “हो ताई, गोणी ते उचलतात खऱ्या.” मी विचारलं, किती? कुणाला सांगता येईना. मग ठरलं की मोजायच्या. प्रत्येक पाळीत एकीने वहीत रेघा मारायच्या, शाळेत मारतो तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बारा दिवस. बारा दिवसांनंतर वह्या उघडल्या तेव्हा पाचवी आडवी रेघ मारायची वेळ फारशी आलीच नव्हती. पाळीला तीन, कधी चार गोणी. त्यातल्याही बऱ्याच ठेकेदाराचा लोडर ट्रॉलीवरून आणून टेकवायचा. आणि रेघांच्या शेजारी एकीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: “आज शिंदेभाऊ रजेवर. दोन गोणी मी आणि मंदाने लावल्या.” (नावं बदलली आहेत, अक्षर खरंच बारीक होतं.) आठ तासांच्या पाळीत चार गोणींची तीन मिनिटं. तेवढ्या तीन मिनिटांचे २,३०० रुपये.

तसा तक्ता करा. डावीकडे कामं, एकेक ओळीत: मशीन सुरू करणं, रोल बदलणं, वजन तपासणं, रजिस्टर भरणं, नवीन मुलाला शिकवणं, साफसफाई. पुढे दोन रकाने, बायका आणि पुरुष, त्यात दिवसातून किती वेळा किंवा किती वेळ. जिथे खरंच फरक आहे तिथे तो लिहा. लपवू नका, तो कंपनी काढणारच आहे. तुम्ही आधी लिहिला तर तो तीन मिनिटांचा दिसतो, त्यांनी आधी काढला तर डोंगराएवढा दिसतो. बायका करतात आणि पुरुष करत नाहीत अशीही कामं निघतात. आमच्या तक्त्यात नव्या मुलांना शिकवण्याचं काम जवळपास सगळं ‘हेल्पर’च्या रकान्यात पडलं. हेल्पर ऑपरेटरला शिकवत होती.

मग पदाचं नाव झाका. तक्ता एखाद्या बाहेरच्या माणसाला दाखवा आणि विचारा, कोणत्या रकान्याचा पगार जास्त असेल? त्याला सांगता आलं नाही तर तक्ता बरोबर झाला.

व्यवस्थापनाचं दुसरं उत्तर येतं ते सेवाज्येष्ठतेचं. ते कधी कधी खरं असतं. म्हणून तुलनेला माणूस निवडताना तुमच्याबरोबर किंवा तुमच्यानंतर लागलेला निवडा, शिक्षण तुमच्याइतकंच असलेला, त्याच लाईनवरचा. वीस वर्षं झालेल्या चाचांशी बरोबरी सांगू नका. ऑफिसातल्या मुलींना हे जड जातं कारण तिथे पगार गुप्त. एक मार्ग आहे: एकाच बॅचमधल्या, एकाच कॉलेजातून एकाच दिवशी लागलेल्या मुलाशी बोला. पहिल्या पगाराचा आकडा मित्र सहसा सांगतात. आणि वेतन संहिता सुपरवायझर, मॅनेजर यांनाही लागू आहे, ‘आम्ही काही कामगार नाही’ म्हणून मागे राहू नका.

४. एकटी की मिळून

मिळून. पण कोण मिळून, हे बघा.

१९६५ चा एक मुंबईचाच निकाल आहे. एका औषध कंपनीत नियम होता की एका विभागातल्या अविवाहित मुलींनी लग्न केलं की नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका गैरहजर राहतात, पॅकिंगला टीम लागते. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद लावून धरला आणि सुप्रीम कोर्टाने नियम रद्द करायला सांगितलं. यात कोणा एकीला स्वतःचं लग्न कोर्टात उभं करावं लागलं नाही, संघटना उभी राहिली. आणि हा विषय जुना झाला असं समजू नका. जून २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित बायकांना घेत नाहीत अशी बातमी आली, कंपनीने आरोप नाकारला, आणि केंद्राने तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. एकोणसाठ वर्षांनी तोच मुद्दा.

पण संघटना म्हणजे आपोआप तुमची बाजू नाही. मी स्वतः संघटनेची आहे, तरी सांगते. मॅकिनन मॅकेन्झीत ते वेगवेगळे पगार १९७५ च्या ज्या करारात होते, तो करार कामगारांच्या संघटनेबरोबरच झाला होता. कंपनीने तो ढालीसारखा पुढे केला. कोर्टाने सांगितलं की कायद्याविरुद्धचा करार ढाल होत नाही. तेव्हा तुमच्या कंपनीतला शेवटचा वेतनकरार मागून घ्या आणि ग्रेडचं परिशिष्ट वाचा. वाटाघाटीच्या टेबलावर किती बायका होत्या तेही विचारा.

आणखी एक, जरा दूरचं. अमेरिकेत वॉलमार्टच्या सुमारे पंधरा लाख बायकांच्या वतीने पगार आणि बढतीतल्या भेदभावाचा दावा होता. २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो एकत्र चालवायला नकार दिला, कारण निर्णय ठिकठिकाणचे मॅनेजर आपापल्या मनाने घेत होते आणि सगळ्यांना बांधणारा एक नियम दाखवता आला नाही. आपली न्यायव्यवस्था वेगळी आहे, पण मोठ्या मालकाची चाल ओळखीची आहे: “धोरण चांगलंच आहे, त्या एका साहेबाचं चुकलं.” म्हणून दहा जणी एकत्र येताना दहा वेगळी दुःखं लिहू नका. दहा जणींना लागणारा तो एक नियम शोधा: ग्रेडचं परिशिष्ट, भरतीच्या जाहिरातीतली ओळ, बढतीला रात्रपाळीची अट.

५. आतलं पत्र

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तिच्यात बायकांचं प्रमाण निदान त्यांच्या कामगारांतल्या प्रमाणाइतकं. घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो, समितीने तीस दिवसांत संपवावं अशी अपेक्षा. खूप ठिकाणी समिती फक्त बोर्डावर असते. तरी अर्ज द्या.

पत्र एक पानाचं. साधारण असं:

“मी दिनांक अमुकपासून पॅकिंग विभागात हेल्पर या पदावर आहे. माझं काम आणि ऑपरेटर या पदावरच्या कामगारांचं काम सारख्या स्वरूपाचं आहे. त्याचा तक्ता सोबत जोडला आहे. मला दरमहा इतके रुपये मिळतात, माझ्यानंतर लागलेल्या ऑपरेटरना इतके मिळतात. हा फरक वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमाविरुद्ध आहे. अमुक तारखेपासून आजपर्यंतचा एकूण फरक इतके रुपये होतो. तो द्यावा आणि यापुढे समान पगार लागू करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.”

बस. घरची परिस्थिती, नवऱ्याचं आजारपण, मुलांची फी यांतलं काही लिहू नका. ते खरं असतं, मला ठाऊक आहे, पण ते लिहिलं की मागणीची विनंती होते आणि विनंतीला नकार देता येतो.

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा. मेलवर पाठवलं तर स्वतःच्या खाजगी पत्त्यावर प्रत ठेवा; नोकरी गेली की ऑफिसचा मेल त्याच संध्याकाळी बंद होतो.

तोंडी बोलावलं तर जा, एकट्या जाऊ नका, आणि बाहेर आल्यावर लगेच दोन ओळींचा मेल टाका: आज इतक्या वाजता आपण असं म्हणालात.

६. बाहेरचं दार

आधी बघा तुमचा मालक कुणाच्या अखत्यारीत. रेल्वे, बँका, विमा, खाणी, विमानतळ यांच्यासाठी केंद्र सरकारची कामगार यंत्रणा. बहुतेक खाजगी कारखाने आणि ऑफिसं राज्याच्या कामगार आयुक्तांकडे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, जिल्ह्यात सहायक किंवा उप आयुक्तांचं कार्यालय. चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज परत यायला महिना लागतो.

वेतन संहितेखालचा दावा तुम्ही स्वतः करू शकता किंवा नोंदणीकृत संघटना तुमच्यासाठी करू शकते. मुदत तीन वर्षं. उशीर झाला तर कारण सांगावं लागतं. दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. कमी पगाराचा दावा असेल तर पैसे पूर्ण दिले हे दाखवण्याचा भार मालकावर असतो. पण काम सारखं होतं हे आधी तुम्हालाच उभं करायचं आहे, म्हणून तो तक्ता. काम सारखं की वेगळं एवढाच वाद असेल तर तो ठरवायला सरकारने नेमलेला वेगळा प्राधिकारी असतो. आदेशावर नव्वद दिवसांत अपील होतं.

वकिलाचे पैसे? विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मिळते. १५१०० हा क्रमांक, किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं कार्यालय. मालक सरकारी किंवा महामंडळ असेल तर माहितीचा अधिकार वापरा आणि पदनिहाय, लिंगनिहाय संख्या आणि ग्रेड मागा. दहा रुपयांत खटल्याचा अर्धा पाया मिळतो.

वेळेबद्दल खोटं बोलत नाही. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखा पडतात. डिकोस्टाबाईंची नोकरी गेल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली.

आणि कोर्ट नेहमी पूर्ण देत नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा नियम असा होता की पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्ती. त्याच विमानातले पुरुष पर्सर अठ्ठावन्नपर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतरांच्या खटल्यात १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट उडवली, पस्तिशीनंतर मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर ठेवणारी तरतूदही उडवली, पण चार वर्षं लग्न करायचं नाही ही अट कायम ठेवली. ते वाचताना माझा अजून जळफळाट होतो. पण शिकण्यासारखं हे आहे की मागण्या सुट्या मांडा. एक पडली तर बाकीच्या उभ्या राहिल्या पाहिजेत.

७. सूड

येतो. धरूनच चाला. पहिल्या पत्रानंतर महिन्या-दीड महिन्यात काहीतरी घडतं: लाईन बदलते, उशिराच्या नोंदी व्हायला लागतात, दहा वर्षांत न मिळालेला मेमो मिळतो. मेमो घ्यायला नकार देऊ नका. घ्या, “मजकूर मान्य नाही, उत्तर देत आहे” असं लिहून सही करा, आणि मुदतीत उत्तर द्या. सूडाची साखळी तारखांवरून दिसते. म्हणूनच पहिल्या पत्रावर शिक्का हवा होता.

राजीनामा रागात देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही तर नाहीच. चौकशी बसली तर हजर राहा.

प्रोबेशनवरच्यांना जास्त भीती असते. आयुर्विमा महामंडळाने नीरा माथुर यांना प्रोबेशनमध्येच कमी केलं होतं. कारण, नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मात गरोदरपणाची माहिती लपवली. त्या फॉर्मात पाळी कधी आली, गर्भपात झाला का, असले रकाने होते. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितले. आजही मुलाखतीत “लग्नाचा विचार?” विचारतात. उत्तर काय द्यायचं ते तुमच्या गरजेवर आहे, नोकरी हवी असते. प्रश्न मात्र त्याच दिवशी वहीत लिहा.

नोकरी गेली तरी पगाराच्या फरकाचा दावा जात नाही. डिकोस्टाबाईंनी तो नोकरी गेल्यावरच केला होता.

८. मिळाल्यावर

बहुतेक प्रकरणं आदेशापर्यंत जात नाहीत, तडजोड होते. कामगार अधिकाऱ्यापुढे, लेखी, सह्यांसकट करा. केबिनमध्ये झालेला शब्द तो साहेब बदलून जाईपर्यंतच टिकतो. त्यात चार गोष्टी लिहून घ्या: पदनाम, ग्रेड, कोणत्या तारखेपासून, आणि थकबाकी कधी. थकबाकीवर निधी कापला जाणार का, हेही.

गोणींच्या त्या कारखान्यात शेवटी ऑपरेटरची ग्रेड मिळाली. थकबाकी निम्मीच मिळाली, आणि ती घ्यावी की लढावं यावर आमच्या कचेरीत रात्री साडेनऊपर्यंत भांडण झालं. ज्यांची मुलं बारावीला होती त्यांनी घ्यावी म्हटलं. घेतली.

वाढीव पगाराच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या स्लिपा एकत्र आणून बघा. आमच्या तिथे तीन जणींच्या स्लिपवर ग्रेड नवी होती आणि पदाच्या रकान्यात ‘हेल्पर’ तसंच होतं. एचआर म्हणालं, सॉफ्टवेअर आहे, हळूहळू बदलेल. चौथ्या महिन्यात बदललं, चौथं पत्र गेल्यावर.